गादी, गाठोडं आणि शेंगदाणे : अंगणात सिनॅप्स कसा उभा करावा

रामबागेतला आमचा जुना वाडा पाडून तिथे चार मजली इमारत झाली आणि अंगणाच्या जागी पार्किंग आलं. त्या पार्किंगमध्ये दर गणपतीत मुलांचे कार्यक्रम होतात. मी इंदूरच्याच एका शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावर 'आजी, तुम्ही काहीतरी बसवा' हे ओघानं आलंच. मी नाटक बसवत नाही. मी सिनॅप्स बसवते. तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी फजिती झाली, दुसऱ्या वर्षी बरा झाला, गेल्या वर्षी नीट जमला. आता कोणी विचारलं की कसा केलात, तर तोंडी सांगून दमते, म्हणून एकदा लिहून टाकते.

सिनॅप्स म्हणजे एका चेतापेशीचं टोक जिथे दुसऱ्या पेशीला भिडतं ती जागा. भिडतं म्हणायचं, पण मध्ये फट असते. हा शब्द 1897 साली शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने रूढ केला. शाळेत मी हिंदीत 'तंत्रिका कोशिका' शिकवत होते आणि घरी मराठीत चेतापेशी म्हणत होते. सिनॅप्सला मात्र दोन्हीकडे सिनॅप्सच म्हटलं, तेच इथेही म्हणते.

मी मेंदूतला सिनॅप्स घेत नाही, स्नायूवरचा घेते. कारण सरळ आहे. मेंदूत काय झालं हे पार्किंगमध्ये बसलेल्या लोकांना दाखवता येत नाही. स्नायूवर पडदा वर जातो किंवा जात नाही, हे मागच्या रांगेतल्या आजोबांनाही दिसतं. आणि दुसरं कारण आमच्या घरातलं आहे, ते पुढे येईल.

सामान

एक माप ठरवून घ्या : एक नॅनोमीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. म्हणजे सगळं एक कोटी पटीने मोठं. हे माप मी वहीत आकडेमोड करताना धरलं आणि मग लक्षात आलं की बाजारात कुठे जायची गरजच नाही, सगळं स्वयंपाकघरात आहे.

पेशीचं आवरण सात-आठ नॅनोमीटर जाड असतं, म्हणजे चार बोटं जाडीची कापसाची गादी. अशा दोन गाद्या लागतील. मज्जातंतूच्या टोकात संदेशद्रव्य भरलेल्या पिशव्या असतात, त्यांचा व्यास चाळीस-पन्नास नॅनोमीटर. म्हणजे छातीशी धरावं लागेल एवढं गाठोडं. स्नायूच्या सिनॅप्सची फटही साधारण पन्नास नॅनोमीटरचीच. पुस्तकातल्या चित्रात फट म्हणजे चंबळची घळ आणि पिशव्या म्हणजे साबुदाणा असं काढलेलं असतं. ते डोक्यातून काढून टाका. गाठोडं आणि फट जवळपास सारखीच; मेंदूतल्या सिनॅप्समध्ये तर फट वीस-एक नॅनोमीटरचीच, गाठोड्याच्या निम्मी.

संदेशद्रव्याचा, म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलीनचा, एक रेणू सुमारे एक नॅनोमीटर. शेंगदाणा! स्नायूच्या बाजूला तो ज्यात जाऊन बसतो तो रिसेप्टर आठेक नॅनोमीटर रुंद, म्हणजे आमटीची वाटी. कॅल्शियमचा कण नॅनोमीटरचा पाचवा हिस्सा, म्हणजे मोहरीचा दाणा. मी मोहरी फुटपट्टीवर ठेवून मोजली, दोन मिलिमीटरच्या जवळ भरली. त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते.

शेंगदाणे भाजून, सालं काढून, पण अख्खे ठेवा. दोन डाळींत फुटणारा दाणाच हवा, कारण पुढे तो फोडायचा आहे. खऱ्या गाठोड्यात पाच ते दहा हजार रेणू असतात. तितके दाणे भरायचे तर एका गाठोड्याला तीन किलोच्या वर लागतील आणि आमच्या सोसायटीचं गणपतीचं बजेट तिथेच संपेल. मी प्रत्येक गाठोड्यात तीस दाणे घालते आणि बाकी जुन्या साड्या कोंबते. गाठोड्याचं कापड आणि गादीची खोळ एकाच कापडाची शिवा. हा माझा हट्ट का, ते कळेल.

मुलं वीस-बावीस लागतात.

मांडणी

पहिली गादी दोन खुर्च्यांच्या पाठींना टेकवून उभी करा. हे मज्जातंतूचं टोक. तिच्यासमोर पन्नास सेंटिमीटर सोडून दुसरी गादी जमिनीवर आडवी; हा स्नायू. तिच्यावर दहा वाट्या मांडा. पहिल्या वर्षी मी दोन्ही गाद्या उभ्या केल्या आणि वाट्या टेपने चिकटवल्या. आरतीच्या आधीच सहा वाट्या खणखणत खाली आल्या आणि स्टीलच्या आवाजाने कोणाचं तरी बाळ उठून रडायला लागलं. वाट्या आडव्याच ठेवा. खऱ्या स्नायूवर त्या इतक्या दाट असतात की आपल्या मापाने चटईएवढ्या, म्हणजे एक चौरस मीटर जागेत शंभर वाट्या बसतील, कडेला कड लावून. दहा ठेवतोय ही आपली गरिबी आहे, निसर्गाची नाही.

प्रत्येक वाटीमागे एक मूल. त्या दहाही जणांच्या हाताशी एक लांब दोर. दोर वरच्या लोखंडी बारवरून घेऊन एका चादरीला बांधा आणि चादरीच्या खालच्या टोकाला वाळूचं पोतं. चादर म्हणजे डोळ्याची पापणी. वाळू मुलं बघून घाला : पाच जणांनी ओढलं तर पोतं हलता कामा नये, सहा जणांनी ओढलं की उचललं जावं. ही तालीम आधी दोनदा करा, कारण चौथीतली सहा मुलं आणि नववीतली सहा मुलं यांत फार फरक असतो. पोत्याखाली कोणी बसणार नाही याची जबाबदारी एका मोठ्या माणसाकडे द्या.

उभ्या गादीच्या मागे तीन मुलं गाठोडी घेऊन. गादीच्या दोन्ही कडांना एकेक द्वारपाल, त्याच्या बाहेरच्या हाताला मोहरीची वाटी. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पट असतं, म्हणजे आत मोहरीचा एक दाणा असेल तर बाहेर मूठभर. म्हणूनच दार किलकिलं झालं तरी मोहरी आत धावते. तिला ढकलावं लागत नाही. फटीत, दोन्ही बाजूंना, दोन झाडूवाल्या. उरलेली मुलं गादीमागे लांब रांगेत, हा मज्जातंतू.

कृती

रांगेतल्या शेवटच्या मुलापासून लाट सुरू करा : एकाने उठून बसायचं, तो उठला की पुढच्याने. हातातून काहीही द्यायचं नाही. मज्जातंतूतून वस्तू जात नाही, प्रत्येक तुकड्यावरची विद्युतस्थिती क्षणभर उलटते आणि ती पुढच्याला उठवते. हा भाग मुलांना येतो, क्रिकेटच्या स्टेडियममुळे. यावर वेळ घालवू नका.

लाट गादीपाशी पोचली की द्वारपाल उठतात आणि दार उघडतात. मोहरी आत येते. इथे मी मुलांना घड्याळ देते : एक मिलिसेकंद म्हणजे आपला एक मिनिट. आपल्या मापाने पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्याकडे जाणारा एक मीटरचा मज्जातंतू दहा हजार किलोमीटर होतो, पृथ्वीच्या घेराचा पाव हिस्सा. ते अंतर हाक, म्हणजे ही लाट, आपल्या घड्याळाने साधारण वीस मिनिटांत कापते. आणि शेवटच्या या पन्नास सेंटिमीटरला अर्धा ते एक मिनिट लागतो! तोही दाण्यांच्या प्रवासात जात नाही. दाणे फट ओलांडतात ते पापणी लवण्याच्या आत. बहुतेक वेळ दार उघडण्यात आणि गाठ सुटण्यात जातो. म्हणून द्वारपालाला सांगा, घाई करू नकोस, पंधरापर्यंत मोज. प्रेक्षकांना ती शांतता ऐकू येऊ द्या.

गाठोडी आधीपासूनच गादीला टेकून तयार असतात. गाठोड्याची दोरी आणि गादीची दोरी एकमेकींत पीळ घालून, वातीसारखी वळून ठेवायची. खऱ्या पेशीत प्रथिनांच्या अशाच दोऱ्या असतात आणि त्यांच्या पिळाने पिशवी आवरणाकडे खेचली जाते. या यंत्रणेच्या शोधासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडोफ यांना 2013 सालचं नोबेल मिळालं. गाठोडेवाल्याला एकच नियम : हातात चार मोहऱ्या पडल्याशिवाय गाठ सोडायची नाही. तीनवर नाही. हा नियम मी मनाने काढलेला नाही. कॅल्शियम निम्मं केलं तर संदेशद्रव्य निम्मं होत नाही, साधारण सोळाव्या हिश्शावर येतं, हे 1967 मध्ये डॉज आणि राहामिमॉफ यांनी दाखवलं. त्यावरून चार कण एकत्र लागत असावेत असं दिसतं.

गाठ सुटली की गाठोडं गादीच्या कडेवरून फटीत पालथं करायचं. फेकायचं नाही. इथे माझं मुलांशी दर वर्षी भांडण होतं. त्यांना नेम धरून दाणे वाटीत टाकायचे असतात. 'आजी, निशाना तो लगाने दो!' नाही. दाण्यावर पत्ता लिहिलेला नसतो, त्याला पाय नसतात, तो धक्के खात कुठेही जातो. फटीत खाली-वर असंही काही नसतं, तिथे वजनाने काही पडत नाही. आपल्याकडे पडतं, त्याला इलाज नाही, म्हणून मी गाठोडेवाल्याचे डोळे रुमालाने बांधते. काही दाणे वाटीत जातील, काही गादीवर, काही खुर्चीखाली. तसंच हवं.

रिकाम्या झालेल्या गाठोड्याचं कापड गादीच्या कडेला सेफ्टी पिनने टोचून टाका. पिशवी आवरणात मिसळून जाते, आवरणच होते. मग थोड्या वेळाने मागच्या मुलाने तिथलीच खोळ चिमटीत धरून आत ओढायची आणि नवं गाठोडं बांधायचं. दोन्ही कापडं एकच का हवीत ते आता दिसतं.

इकडे वाटीवाल्या मुलांना नियम : वाटीत दोन दाणे आले तरच दोर धरायचा. एकावर नाही. हेही खरंच आहे. या रिसेप्टरवर दोन जागा असतात आणि दोन्ही भरल्या की त्याच्या मधोमधचं भोक उघडतं, त्यातून सोडियम स्नायूत शिरतं. पहिल्या वर्षी मी सोडियम म्हणून खडे मीठ ठेवलं होतं. ते मोहरीत मिसळलं, मोहरी दाण्यांत मिसळली आणि शेवटी कशाचं काय हे मलाच कळेना. मीठ आणू नका, तोंडाने सांगा.

सहावं मूल दोर धरतं, पोतं उचललं जातं, चादर वर जाते, मागे गणपती दिसतो. टाळ्या पडतात. इथे लोकांना वाटतं संपलं. पुस्तकंही बरीचशी इथेच संपवतात.

झाडूवाल्या

माझ्या मते सिनॅप्सची खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि इंदुरात ती समजावून सांगावी लागत नाही. रात्री सराफ्यात जाऊन आलेल्या माणसाला माहीत असतं : दिवसा जिथे सोन्याची दुकानं, तिथेच रात्री दुकानांची शटरं पडली की ओट्यांपुढे कढया चढतात, गराडू तळले जातात, भुट्ट्याचा कीस, जिलब्या, हजारो माणसं. आणि सकाळी पुन्हा सराफ. मध्ये कोणीतरी ती जागा झाडून काढतं, नाहीतर सकाळचा सराफाही नाही आणि रात्रीचाही नाही. 2017 मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून आमची मुलं कचऱ्याच्या गाडीच्या गाण्यावरच उठतात. त्यांना झाडूवालीचं काम दुय्यम आहे असं वाटतच नाही. गेल्या वर्षी त्या दोन जागांसाठी भांडणं झाली.

फटीत अ‍ॅसिटाइलकोलिनेस्टरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो दाणे फोडतो. झाडूवालीने काय करायचं? दिसेल तो दाणा उचलायचा, मग तो गादीवरचा असो की वाटीतून निसटलेला, आणि चुटकन दोन डाळी करायच्या. एक डाळ बाहेर टाकायची, ती अ‍ॅसिटेट. दुसरी, कोलीन, उभ्या गादीच्या मागे परत द्यायची, तिथे नवा दाणा बनतो. दाणा गाठोडं सुटल्याबरोबर फोडायला लागायचं, वाटीपर्यंत पोचू द्यायची वाट बघायची नाही. बराच माल वाटेतच फुटतो आणि तरीही पडदा वर जातो, इतका तो उधळलेला असतो. आपल्या घड्याळाने मिनिटभरात फट साफ. वाटी रिकामी झाली की मुलाने दोर सोडायचा. पोतं खाली, चादर खाली.

मग पुन्हा हाक. पुन्हा मोहरी, पुन्हा गाठोडं. पापणी वर धरून ठेवायची तर स्नायूला सेकंदात कितीतरी वेळा अशी हाक लागते. जागेपणीचे सोळा तास. मुलं तिसऱ्या हाकेला घामाघूम होतात आणि तेव्हा त्यांना आपल्या डोळ्यांबद्दल थोडा आदर वाटायला लागतो.

झाडूवालीने दाणे खाल्ले तर काय, हा प्रश्न येतोच. खाऊ द्या. फक्त कोलीनची डाळ खाऊ देऊ नका, मागे माल कमी पडतो.

आपोआप सुटलेलं गाठोडं

दुसऱ्या वर्षीच्या तालमीत एका पाचवीतल्या मुलाच्या हातून गाठोडं उगाचच सुटलं. लाट आली नव्हती, दार उघडलं नव्हतं. दोन वाट्यांत दोन-दोन दाणे पडले, दोन मुलांनी दोर धरला, पोतं जरासं थरथरलं आणि बसलं. बाकीची मुलं त्याच्यावर ओरडायला लागली. मी म्हटलं, थांबा, हे ठेवू या!

1950 च्या सुमारास लंडनमध्ये फॅट आणि कॅट्झ हे दोन शास्त्रज्ञ बेडकाच्या स्नायूवर बारीक इलेक्ट्रोड रोवून बसले होते. मज्जातंतूला काहीही न करता स्नायूवर इवल्या इवल्या लाटा उमटत होत्या, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासच्या, अधूनमधून, कोणी न बोलावता. खरी हाक आली की उमटणारी मोठी लाट या इवल्या लाटेच्या पटीतच येते, असं पुढे कॅट्झ आणि देल कास्तियो यांनी दाखवलं : एक, दोन, तीन, कधी अडीच नाही. म्हणजे माल सुटा येत नाही, बांधलेला येतो. गाठोडी असणार, हा तर्क त्यातून पक्का झाला. कॅट्झना 1970 चं नोबेल मिळालं त्याच्या मुळाशी हे न बोलावता सुटलेलं गाठोडं आहे.

तेव्हापासून आमच्या प्रयोगात एकदा मध्येच, हाक नसताना, एक गाठोडं सुटतं. तो पाचवीतला आता सातवीत आहे आणि ते काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

आता बिघडवा

सगळं नीट चाललं की मुलं कंटाळतात. मग बिघाड करा. शिकणं खरं तिथेच होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, त्यांची डावी पापणी चार वर्षांपूर्वी संध्याकाळची उतरायला लागली. सकाळी चेहरा अगदी ठीक, दुपारी पेपर वाचून झाला की पापणी अर्ध्यावर, रात्री जेवताना एकाच्या दोन पोळ्या दिसायच्या. एका डॉक्टरांनी वयाचं म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी टॉनिक दिलं. मीही, जीवशास्त्राची बाई, 'माई, तुम्ही झोपत नाही नीट' म्हणत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते. मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी हातमोज्यात बर्फ भरला आणि मिटल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! माई आरशात बघून म्हणाल्या, 'अगं बाई, हा तर माझाच डोळा.'

मायस्थेनिया ग्रॅव्हिस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वाट्यांवर उठते. प्रयोगात असं करा : दहातल्या तीन वाट्या पालथ्या घाला. आता पहिली हाक द्या, तीन गाठोडी सोडा. सात वाट्यांपैकी सहा भरतात, चादर वर जाते. सगळे म्हणतात, काय झालंय, ठीक तर आहे. दुसऱ्या हाकेला दोनच गाठोडी सोडा, तिसरीला एक, कारण लागोपाठ हाका आल्या की खऱ्या पेशीतही तयार गाठोडी कमी पडत जातात. निरोगी माणसात ते कळत नाही, तिथे माल आणि वाट्या दोन्ही गरजेपेक्षा बरंच जास्त असतात. इथे तिसऱ्या हाकेला चार मुलं दोर धरतात, पोतं हलत नाही. मुलं ओढतात, तोंडं लाल होतात, चादर अर्ध्यावरही येत नाही. सकाळी ठीक, संध्याकाळी नाही, हे कोड्यासारखं वाटत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सुटलं ते त्या पोत्यामुळे.

आता एका झाडूवालीचा एक हात ओढणीने पाठीमागे बांधा. दाणे फटीत जरा जास्त वेळ राहतात, त्याच दाण्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाटीत पडायची संधी मिळते. सहावी वाटी भरते. माईंची पायरिडोस्टिग्मिनची गोळी हेच करते. वाट्या वाढवत नाही, झाडूवालीला थोपवते. बर्फानेही, असं मानतात, विकर मंदावतं. 1934 मध्ये मेरी वॉकर या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी या कुळातलं औषध मायस्थेनियाच्या रुग्णाला टोचून असाच फरक पाहिला होता. गोळीचा असर तीन-चार तास टिकतो, म्हणून माईंच्या मोबाइलवर गजर लावलेले आहेत. बाकी उपचार डॉक्टरांचे, ते वेगळे आणि लांबचे आहेत.

आणि दोन्ही झाडूवाल्यांचे दोन्ही हात बांधले तर? करून बघा. दाणे साचत जातात, वाट्या भरलेल्याच, दोर कोणी सोडत नाही, चादर वर जाऊन अडकते. हाक आली काय, न आली काय, फरकच कळेना. सोयाबीनवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेटचं कीटकनाशक अंगात गेलं की असं होतं : लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात आणि मग वाट्या दाद देईनाशा होऊन गळून जातात, श्वासाचेसुद्धा. माळव्यात ज्यांची शेती आहे अशा घरातली मुलं हा भाग गप्प होऊन बघतात. दवाखान्यात त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. शिवरात्रीला पिंडीवर वाहतो त्या धोतऱ्यातही हेच द्रव्य असतं. ते स्नायूच्या वाट्या झाकत नाही, लाळेच्या, घामाच्या, हृदयाच्या वेगळ्या जातीच्या वाट्या झाकतं. म्हणून धोतरा खाल्लेल्याचं तोंड कोरडं पडतं आणि बाहुल्या मोठ्या होतात.

साप हा मुलांचा आवडता बिघाड. नागाचं विष वाट्यांवर झाकणं ठेवतं. दहा वाट्यांवर दहा ताटल्या ठेवा, दाणे वरून घरंगळतात. मण्याराचं मुख्य विष उलट बाजूने येतं, मज्जातंतूच्या टोकातली गाठोडीच संपवतं आणि टोकाचीच नासधूस करतं. दोन्हीत पापण्या आधी उतरतात. पण नागाच्या वेळी झाडूवालीचा हात बांधला तर काही वेळा उपयोग होतो, मण्याराच्या वेळी बहुधा होत नाही : गाठोडंच नाही तर दाणे थोपवून काय करणार? हा प्रश्न मी मुलांनाच विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही फारसं. सकाळी पापणी उघडत नाही म्हटलं की सरळ मोठ्या दवाखान्यात, प्रतिविष मिळतं तिथे. हे वाक्य मी प्रयोगात दोनदा म्हणायला लावते.

बोट्युलिनम हे एका जिवाणूचं विष गाठोड्याची पिळाची दोरीच कापतं. कात्री द्या, एकदा कापली की तो प्रयोग तिथेच संपतो, म्हणून शेवटी घ्या.

मेंदूतलं काय?

प्रेक्षकांत एखादे काका हमखास विचारतात. मी एवढंच सांगते : स्नायूवर एका हाकेला पडदा जातोच, मेंदूत एका हाकेने सहसा काही होत नाही. एका पेशीवर हजारो टोकं टेकलेली. काही म्हणतात ओढा, काही म्हणतात सोडा, आणि पेशी बेरीज-वजाबाकी करते. दाणेही वेगळे, ओढा म्हणणारं बहुतेक वेळा ग्लुटामेट, सोडा म्हणणारं गाबा. आणि सफाईही वेगळी, तिथे दाणे फोडण्याऐवजी बरेचदा अख्खेच परत उचलून नेतात. काही डिप्रेशनच्या गोळ्या या उचलण्यालाच अडवतात. धनुर्वाताचं विष 'सोडा' म्हणणारी गाठोडी बंद करतं, मग सगळे स्नायू एकदम ओढू लागतात. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'सोडा' म्हणणाऱ्यांची किंमत कळते.

आवरताना

दाणे कोणी खायचे नाहीत असं आधी बजावून ठेवा, जमिनीवरचे म्हणते मी. झाडूवाल्यांनी खाल्लेले वेगळे. नंतर द्यायला वेगळे भाजून ठेवा. गाद्या उन्हात टाका, पाऊस थांबला तर. सेफ्टी पिना मोजून घ्या, नेल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत.

गेल्या वर्षी माईंना मी एक वाटी धरायला बसवलं होतं. पालथी घालायच्या तीन वाट्यांपैकी एक त्यांनी स्वतःच्या हाताने पालथी घातली, मग हळूच पुन्हा सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. प्रयोग बिघडला, सहाव्या मुलाने दोर धरला, चादर भलत्या वेळी वर गेली. मी काही बोलले नाही.

मोहरी मात्र झाडूनही पूर्ण जात नाही. पार्किंगच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी जिथे फरशी फुटली आहे तिथे नवरात्रापर्यंत चार-पाच रोपं वीतभर झाली होती. कोणी उपटली नाहीत.